डेटा ३० टीबीवर गेल्यावरही रोज रात्री सर्व्हर बंद करून बॅकअप घ्यायचा?

रात्रपाळी:
आमचं नेक्स्टक्लाउड (फाइली साठवायचं नि शेअर करायचं सॉफ्टवेअर) स्वतःच्या मशीनवर आहे, डेटा ३० टीबीच्या आसपास, फाइली दोन कोटींच्या घरात. टीममधल्या जुन्या मंडळींचं अजून तेच चाललंय, मेंटेनन्स मोड लावा (म्हणजे लोकांसाठी सर्व्हर बंद), डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्या, मग आरसिंकने फाइली कॉपी करा. अहो पण बदललेल्या मूठभर फाइली शोधायला आरसिंक दोन्ही कोटी फाइलींची तारीख आणि साइझ तपासत बसतो, त्यातच उजाडतं आणि लोक कामाला बसले की समोर मेंटेनन्सचं पान. माझं मत असं की डेटा आणि पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) दोन्ही झेडएफएस या फाइलसिस्टिमच्या एकाच पूलवर (डिस्कच्या गटावर) ठेवा, दर तासाला रिकर्सिव्ह स्नॅपशॉट (आतल्या सगळ्या भागांची त्या क्षणाची प्रत) घ्या आणि झेडएफएस सेंडने दुसऱ्या मशीनवर पाठवा. कुठले ब्लॉक बदलले ते फाइलसिस्टिमला आधीच माहीत असतं. एक मिनिटही सर्व्हर बंद नाही.

जुनीटेप:
मेंटेनन्स मोडला नावं ठेवणं सोपंय. तो का लावतात ते बघा. फाइल कुठे आहे, कोणाशी शेअर केलीय, हे सगळं डेटाबेसात आणि खरी फाइल डिस्कवर. चालू सर्व्हरवर फाइली आधी कॉपी केल्या आणि डंप पहाटे घेतला, तर मधे अपलोड झालेल्या फाइली रिस्टोरनंतर यादीत दिसणार आणि क्लिक केलं की एरर.

रात्रपाळी:
मग डंप आधी घ्या ना. जास्तीच्या फाइली स्कॅन मारला की सापडतात, उलटं केलं तर नाही सापडत. आणि माझ्या पद्धतीत हा प्रश्नच नाही, रिकर्सिव्ह स्नॅपशॉट अटॉमिक असतो, पूलवरचे सगळे डेटासेट एकाच क्षणाचे. पोस्टग्रेस त्यातून उठताना वीज गेल्यावर उठतो तसाच वॉल (बदलांची आधीच लिहिलेली नोंद) वाचून सावरतो.

ऑब्जेक्टवाली:
"स्कॅन मारला की सापडतात" हे लोकल डिस्कपुरतंच बरं का. आमचं प्रायमरी स्टोरेज एस-थ्री (ऑब्जेक्ट स्टोरेज) आहे, तिथे फाइलचं नावच नसतं, urn:oid: आणि पुढे नुसता नंबर. नावं, फोल्डर सगळं डेटाबेसात. डेटाबेस गेला की हातात बिननावाचे लाखो ऑब्जेक्ट, स्कॅन करून काहीही परत येत नाही. त्यामुळे आम्ही वॉल सतत आर्काइव्ह करतो आणि बकेटवर (एस-थ्रीमधल्या साठ्यावर) व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती ठेवणं, चालू ठेवलंय. तुमचा मेंटेनन्स मोड नि स्नॅपशॉटचा वाद आम्हाला लागूच होत नाही 😄

बाइटभट:
सगळे बॅकअप घेण्यावर भांडताय, परत आणायचा हिशोब कोणी केलाय का? ३० टीबी, एक गिगाबिटची लाइन, सेकंदाला १२५ एमबी, तेही कागदावर. म्हणजे जवळजवळ ६७ तास, पावणेतीन दिवस. तोवर लोकांनी काय करायचं? दुसरं मशीन असं हवं की तिथूनच सर्व्हर चालू करता येईल, निदान वाचण्यापुरता तरी.
आणि रिस्टोरनंतर, क्लायंट जोडायच्या आधी, डेटा-फिंगरप्रिंटची ओसीसी (नेक्स्टक्लाउडचं कमांड-लाइन टूल) कमांड चालवायची. नाहीतर लोकांच्या लॅपटॉपवरचे सिंक क्लायंट सर्व्हरवरची जुनी अवस्था खरी मानतात आणि लॅपटॉपवरची नवी फाइल जुनीने दाबली जाऊ शकते. कमांड चालवली की क्लायंटला कळतं बॅकअपवरून आलंय, मग तो नवी प्रत जपतो. हे किती जणांच्या रनबुकात (आणीबाणीत करायच्या पायऱ्यांच्या यादीत) आहे?

जुनीटेप:
आमच्या आहे. पण रात्रपाळी, तुमच्या योजनेतलं भोक सांगतो. सेंड करणाऱ्या मशीनकडे पलीकडची रूटची (सर्वाधिकाराची) चावी असेल तर जो मेन सर्व्हरात शिरला तो पलीकडचे स्नॅपशॉटही एका कमांडीत उडवणार. मग दोन प्रती काय नि दहा काय.

रात्रपाळी:
मान्य, म्हणून पुल करायचं, पुश नाही. बॅकअप मशीन येऊन घेऊन जाईल, मेन सर्व्हरला त्याचा पत्ताही नको. वर पुश लिहिलं होतं ते सोडा.
बाकी गिटलॅबचं (कोड ठेवायची सेवा) आठवा, ३१ जानेवारी २०१७. प्रॉडक्शनच्या डेटाबेसची डिरेक्टरी उडाली आणि डंप बघायला गेले तर बकेट रिकामी, कारण पीजीडंप (पोस्टग्रेसचा डंप घ्यायचं टूल) ९.२ चा होता नि डेटाबेस ९.६ चा. शेवटी तारलं सहा तास जुन्या स्नॅपशॉटने.

जुनीटेप:
तो स्नॅपशॉट कोणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतला होता साहेब, ती योजना नव्हती, नशीब होतं. डंप फेल झाल्याचे मेलसुद्धा डीमार्कने (मेल खरा आहे का ते तपासायच्या नियमाने) अडवल्यामुळे कोणाला मिळत नव्हते. माझा मुद्दा त्यातून जास्त सिद्ध होतो.
तासातासाचे स्नॅपशॉट घ्या, माझी ना नाही. पण महिन्यातून एकदा मेंटेनन्स मोड लावून वेगळ्या टूलने, बोर्ग म्हणा रेस्टिक म्हणा (दोन्ही बॅकअपची टूलं), पूर्ण प्रत मी घेणारच. झेडएफएसमध्येच बग निघाला तर सेंडने तो पलीकडेही जाईल.

बाइटभट:
तेवढं करताच आहात तर config.php (नेक्स्टक्लाउडची सेटिंगची फाइल) पण त्यातच घ्या. सर्व्हर-साइड एन्क्रिप्शन लावलेलं असेल आणि त्यातलं सिक्रेट हरवलं, तर ३० टीबी जशाच्या तशा परत येतील आणि एकही फाइल उघडणार नाही.

रात्रपाळी:
ती सध्या फक्त गिटमध्ये आहे. आणि गिट त्याच मशीनवर. हलवतो आत्ताच.