यकृतपेशी सोडताना सिरिंजमध्येच मरतात का?

प्रश्न:
१० किलोच्या बाळाला पोर्टल व्हेनमधून (यकृताकडे रक्त नेणारी शीर) हिपॅटोसाइट, म्हणजे यकृतपेशी, द्यायच्या आहेत. किलोमागे १० कोटी धरले तर एकूण १०० कोटी. मिलीला १ कोटी, म्हणजे १०० मिली. तासाला किलोमागे ५ मिली वेगाने दोन तास लागतील. सराव चाचणीत ट्रिपॅन ब्लूवर (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) सुरुवातीला ८५ टक्के जिवंत होत्या, तासाभराने ५० मिलीच्या सिरिंजमध्ये वरच्या थरात ६२. द्रावण दुप्पट दाट करून वेळ निम्मा करू का?

उत्तर १:
दाट अजिबात करू नका. या पेशी २०-३० मायक्रॉनच्या, वजनदार. न हलवता ठेवल्या की काही मिनिटांत तळाशी बसतात. त्या थरात ऑक्सिजन लवकर संपतो आणि खोलीच्या तापमानाला त्यांची भूक चालूच असते. दाट द्रावणात थर जाड होतो, गुठळ्या वाढतात आणि त्या पोर्टल शाखांमध्ये अडकतात.

एकाच सिरिंजमध्ये सगळं भरण्यापेक्षा २०-२५ मिलीचे चार-पाच भाग करा. पाळी येईपर्यंत बाकीचे ४ अंशांवर ठेवा, मधूनमधून हळूच उलटेपालटे करा. एकदा बाहेर काढलेला भाग परत गार करू नका. पंपावरची सिरिंजही सतत हलती हवी, फक्त जोरात झटकू नका.

उत्तर २:
वरच्यांशी सहमत, पण तुमचा ६२ चा आकडाच फसवा आहे. मेलेल्या पेशी हलक्या, त्या वर तरंगत राहतात. जिवंत खाली बसतात. (५० जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट जोराने, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून आपण त्यांना याच गुणावर वेगळं करतो ना!) आधी अलगद मिसळा, मग कॅथेटरच्या (शिरेत घातलेल्या बारीक नळीच्या) टोकातून बाहेर पडणारा थेंब मोजा. बाळाला मिळतं ते तिथलंच.

प्रश्नकर्ता:
कॅथेटरच्या टोकाचं लक्षातच आलं नव्हतं. गुठळ्यांसाठी ४० मायक्रॉनची जाळी लावू?

उत्तर १:
नको, दोन-तीन जिवंत पेशी चिकटलेल्या असल्या तरी त्यात अडकतील. रक्ताच्या सेटमधली १७०-२०० मायक्रॉनची पुरे. चिकटपणा बहुधा फुटलेल्या पेशींच्या डीएनएचा असतो. हेपरिनने (रक्त गोठू न देणारं औषध) तो जात नाही, आधीच्या धुण्यात डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा. हाताने दट्ट्या दाबून अडथळा मोकळा करू नका, बारीक नळीत पेशी फाटतात. पोर्टल दाब चढत गेला तर थांबायचंच.

उत्तर २:
शेवटच्या भागातला थोडा नमुना कोलॅजनच्या (पेशींना चिकटायला आधार देणारं प्रथिन) प्लेटवर लावा. ट्रिपॅन ब्लूला फक्त फुटलेलं आवरण दिसतं. आतून खचलेली पेशी त्यात जिवंत म्हणून मोजली जाते, पण २४ तासांनी प्लेटला चिकटलेली नसते.