पहाटेची एकटी फेरी : घरच्यांना ठावठिकाणा कळावा, पण सगळ्यांना कळू नये

पहाटवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी आठवड्यातून पाच दिवस, उजाडण्याच्या आधी, वीस-बावीस किलोमीटर सायकल चालवते आणि बहुतेक वेळा एकटीच असते. दोन महिन्यांपूर्वी उतारावरच्या एका वळणावर सांडलेल्या वाळूवरून पुढचे चाक घसरले आणि मी पडले. दुखापत मनगटापुरतीच होती, परंतु मोबाइल उडून गवतात गेला, तो अंधारात सापडेपर्यंत बराच वेळ गेला आणि तोपर्यंत घरी कोणालाच कल्पना नव्हती. तेव्हापासून पतींचा आणि मुलाचा एकच आग्रह होता, की मी कुठे आहे हे त्यांना घरबसल्या दिसले पाहिजे. मुलाने फेऱ्या नोंदवणारे एक ॲप मोबाइलवर टाकून दिले आणि घरातली काळजी खरोखरच कमी झाली, हे मला मान्य केलेच पाहिजे.

मागच्या आठवड्यात मात्र एक अनोळखी गृहस्थ चढावर माझ्या बरोबरीने सायकल चालवू लागले आणि माझे नाव घेऊन म्हणाले, ‘मंगळवारी आला नाहीत, बरे नव्हते का?’ त्या चढाला कोणी किती वेळ घेतला याची यादी ते ॲप तयार करते आणि त्या यादीत माझे नाव, तारीख आणि वेळ त्यांना दिसत होती. त्यांच्या वागण्यात काहीही वावगे नव्हते. तरीही घरी पोहोचेपर्यंत एकच विचार मनात घोळत होता : मी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या निर्जन टप्प्यावर एकटी असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याला पाहता येते आणि ते सगळे मी स्वतःच्या हाताने मांडून ठेवले आहे.

ॲप काढून टाकावे असे मला वाटते. घरच्यांना ते धोक्याचे वाटते. सुरक्षित राहण्यासाठी मार्ग उघड करणे खरोखरच अपरिहार्य आहे का? आणि नसेल, तर अंधारात सायकल चालवणाऱ्या बाईने नेमके काय करावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर मी ते घरी वाचून दाखवीन.

नकाशावाचक

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि ॲप बनवणाऱ्यांनीच त्या मिसळून ठेवल्या आहेत. घरातल्या दोन माणसांना आपण आत्ता कुठे आहोत हे कळणे ही एक गोष्ट, आणि रोजच्या फेऱ्यांची वही चौकात उघडी ठेवणे ही दुसरी. पहिलीसाठी दुसरीची काहीच गरज नाही.

मुळात मोबाइलमधले जीपीएस हे फक्त ऐकणारे यंत्र आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे वेळेचे संकेत ते पकडते आणि त्यांवरून स्वतःची जागा काढते. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कधीच कळत नाही. माहिती बाहेर पडते ती ॲप ती कंपनीच्या सर्व्हरवर चढवते तेव्हा. म्हणूनच फेरीची नोंद ठेवण्याची हौस असेल तर ओएसएमअँडसारखे ॲप वापरता येते, ज्यात नकाशा आधीच उतरवून घेता येतो आणि मार्गाची जीपीएक्स फाइल आपल्याच मोबाइलमध्ये राहते.

‘माझ्या फेरीत लपवण्यासारखे काय आहे’ असे घरी कोणी म्हणाले, तर त्यांना २०१७ सालची गोष्ट सांगा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपने जगभरच्या फेऱ्यांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते, फक्त जिथे जास्त लोक धावले किंवा सायकलवर फिरले त्या वाटा उजळ दिसत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले, की वैराण प्रदेशातही काही आकृत्या ठळक उजळल्या आहेत. त्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या वाटा होत्या. नावे काढून टाकली म्हणजे माहिती निनावी होते, हा समज तिथे साफ खोटा ठरला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. कोण कोणत्या वेळी साधारण कुठे होते याचे केवळ चार बिंदू हाती असले, तरी त्यातली ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी ओळखता येत होती. आपल्या चढावर भेटलेल्या गृहस्थांना तर चार बिंदूंचीही गरज पडली नाही.

ॲपमध्ये घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असते, ती जरूर चालू करा, पण तिच्यावर फार विसंबू नका. बेल्जियममधल्या केयू ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले, की लपवलेल्या वर्तुळाच्या आत कापलेले अंतर फेरीच्या एकूण अंतरात मोजलेले असेल, तर तेवढे अंतर आणि रस्त्यांची रचना जुळवून घराची जागा पुष्कळदा काढता येते. त्यामुळे माझा सल्ला असा आहे, की फेऱ्या ‘फक्त मला’ या सेटिंगवर ठेवाव्यात, टप्प्यांच्या याद्यांमधून नाव काढावे आणि घरच्यांना लोकेशन पाठवण्यासाठी आपण एरवी वापरता तेच संदेशांचे ॲप वापरावे, तेही तासा-दोन तासांनी आपोआप बंद होईल अशा बेताने. जुन्या फेऱ्यांचे सेटिंग वेगळे बदलावे लागते. नवे सेटिंग बहुधा पुढच्या फेऱ्यांनाच लागू होते.

जुनी घंटा

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु माझा आक्षेप मुळाशी आहे. आपल्या घरच्यांना जे हवे आहे ते लोकेशनने मिळत नाही. लोकेशन अपघातानंतर उपयोगी पडते, ते अपघात टाळत नाही. नकाशावर हलणारा ठिपका पाहून घरी जो धीर येतो तो मी समजू शकतो, मात्र मागून येणाऱ्या वाहनचालकाला तो ठिपका दिसत नाही. त्याला आपण दिसायला हव्यात. म्हणून पहिला विचार दिव्यांचा करावा.

डेन्मार्कमधील ओडेन्स येथे २००४-०५ मध्ये ३,८०० हून अधिक सायकलस्वारांवर वर्षभराचा प्रयोग झाला होता. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या सायकलींना चाकातल्या चुंबकांवर चालणारे, दिवसरात्र आपोआप पेटलेले राहणारे दिवे बसवले होते. अशा दिवे बसवलेल्या गटात अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. मला त्यातली सर्वांत मोलाची बाब ‘आपोआप’ ही वाटते. दिवा चार्ज करायचा राहिला, घाईत विसरला, वाटेत विझला, हे प्रश्नच उरत नाहीत. डायनामो बसवणे शक्य असेल तर तोही याच कारणासाठी उत्तम.

दुसरी गोष्ट कपड्यांची. झगझगीत पिवळे किंवा हिरवट जाकीट दिवसा आणि संधिप्रकाशात चांगले दिसते, कारण त्यातला रंग सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. गाडीच्या दिव्यांत ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून रात्री त्या रंगाचा फायदा फारसा होत नाही. अंधारात कामाला येते ती प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकणारी रिफ्लेक्टर पट्टी, आणि ती कुठे लावली आहे यालाही महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी रात्री बंद रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला लावून पाहिले, तेव्हा अंगात केवळ रिफ्लेक्टर जाकीट असलेल्या सायकलस्वारांपैकी सुमारे निम्मेच ओळखले गेले, तर जाकिटाबरोबर गुडघ्यांना आणि घोट्यांना पट्ट्या बांधल्यावर ते प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. वर-खाली होणारे पाय पाहिले की पुढे माणूस पेडल मारतो आहे हे मेंदूला लगेच कळते. स्थिर चमकणारी वस्तू खांबावरची पाटीही असू शकते. चार पट्ट्या बांधायला एक मिनिटही लागत नाही आणि मी त्या बांधल्याशिवाय कधीच निघत नाही.

मोबाइल हँडलवर लावत असाल तर तो कृपया खिशात ठेवा. ताशी वीस किलोमीटर वेगाने दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिले, तर तेवढ्यात सायकल अकरा मीटर पुढे जाते. आपण ज्या वाळूवरून घसरलात ती एवढ्या अंतरात सहज मावते. हेल्मेटबद्दलही सांगतो. युरोपातल्या ईएन १०७८ मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर ताशी साधारण वीस किलोमीटर वेगाने आपटवतात, म्हणजे दीड मीटरवरून पडल्याइतके. सायकलवरून डोके जमिनीवर आदळणे हाच त्या चाचणीचा आवाका आहे. भरधाव गाडीच्या धडकेसाठी ते बनवलेलेच नाही. शिवाय आतला फोम चेपला जाऊनच धक्का शोषतो आणि एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. पडताना आपले डोके टेकले असेल, तर बाहेरून तडा दिसत नसला तरी हेल्मेट बदला.

आता खरेदीविषयी, कारण माझ्या मते तिचा आपल्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. मी दिवे, पट्ट्या, ब्रेकचे गुटके या वस्तू शक्यतो जवळपासच्या माणसाकडून, समोर पाहून घेतो. जो दिवा बसवून देतो तोच तो ढिला झाल्यावर घट्ट करून देतो, आणि बॅटरी बदलता येते की दिवाच फेकावा लागतो, हे विकत घेण्यापूर्वी विचारता येते. दुसरे कारण अलीकडे जास्त पटू लागले आहे. समोरासमोर घेतलेला दिवा माझे नाव, ईमेल किंवा पत्ता मागत नाही. हल्ली काही दिवे आणि कुलुपेसुद्धा खाते उघडल्याशिवाय पूर्ण चालत नाहीत. अशी वस्तू घेतली, की आपण किती वाजता निघतो हे आणखी एका कंपनीला कळण्याची सोय होते.

दोनचाकी

जुनी घंटा यांचा मी आदर करतो, पण लोकेशन अपघातानंतरच कामाचे असे म्हणून त्याचे महत्त्व कमी करू नये. तीन वर्षांपूर्वी मी खड्ड्यात आदळून पडलो आणि काही काळ मला शुद्ध नव्हती. ठिपका पंधरा मिनिटे एकाच जागी आहे हे पाहून माझ्या बहिणीने फोन केला, तो उचलला गेला नाही, आणि ती थेट त्या जागी आली. गळपट्टीच्या हाडाचे दोन तुकडे झाले होते आणि रस्त्यावर कोणीही नव्हते. ठिपका नसता तर मी किती वेळ तिथे पडून राहिलो असतो याचा विचार मला आजही करवत नाही.

मात्र त्या अनुभवातून एक धडा मिळाला, तो आपल्या घरच्यांना जरूर सांगा : ठिपका दिसणे पुरेसे नाही, तो पाहणारा माणूस ठरलेला असला पाहिजे. ‘घरात कोणीतरी बघेलच’ यात कोणीच बघत नाही. आम्ही आता वेळ ठरवून निघतो. सात वाजेपर्यंत संदेश आला नाही तर फोन करायचा, फोन उचलला नाही तर निघायचे. ज्या भागात मोबाइलला रेंज नसते तिथे लोकेशन मुळातच पोहोचत नाही, तिथे ही ठरलेली वेळच उपयोगी पडते. आणि मोबाइल गवतात उडाला होता असे आपण लिहिले आहे, म्हणून घरच्यांचे दोन क्रमांक आणि रक्तगट लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून हेल्मेटच्या आत ठेवा. तो उलगडायला कोणाला पासवर्ड लागत नाही.

पहाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतिसाद काल रात्री जेवणानंतर वाचून दाखवले आणि बऱ्याच दिवसांनी या विषयावर घरात वाद न होता बोलणे झाले. एक शंका राहिली. मुलगा म्हणतो, की हँडलवर छोटा कॅमेरा लाव, म्हणजे कोणी पाठलाग केला किंवा धडक दिली तर पुरावा राहील. यात दुसऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न येत नाही का?

नकाशावाचक

येतो, आणि आपण तो विचारलात याचे समाधान वाटले. माझ्या मते कॅमेरा ठेवायला हरकत नाही. हरकत चित्रणाचे पुढे काय होते याला आहे. ठरावीक वेळानंतर जुने चित्रण पुसून त्यावर नवे नोंदवणारा कॅमेरा घ्या, ते आपोआप कुठेही चढणार नाही असे सेटिंग ठेवा, आणि काही घडले तरच तेवढा भाग बाजूला काढून पोलिसांकडे द्या. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे आपल्याला ज्याचा त्रास झाला तेच दुसऱ्यांच्या बाबतीत करणे होईल. खाते बंद करणार असाल तर आधी आपल्या सगळ्या फेऱ्यांच्या फाइली उतरवून घ्या आणि मग खाते पूर्ण पुसून टाका. मोबाइलमधून ॲप काढले तरी खाते आणि त्यातली माहिती कंपनीकडे तशीच राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पहाटवाट

त्याप्रमाणे केले. फेऱ्या उतरवून घेतल्या, खाते पुसले आणि कॅमेऱ्याचा विचार तूर्त पुढे ढकलला. पडताना हेल्मेटची डावी बाजू टेकली होती हे मला आठवते, म्हणून ते आज बदलून आणले. उद्यापासून निघताना पतींना दीड तासासाठी लोकेशन पाठवीन आणि सातची वेळ पाळायची असे ठरले आहे. त्यांचा मोबाइल रात्रभर आवाज बंद करून ठेवलेला असतो, हे मुलाच्या लक्षात आले. मी निघाले, की त्यांनी तो आवाज चालू करून उशाशी ठेवायचा आहे.