विकास आराखडा : ‘अद्ययावत’ की ‘सुधारित’?

उंबरठा : एका नागरिक-पुस्तिकेच्या भाषांतरात मी ‘विकास आराखडा अद्ययावत ठेवणे ही महापालिकेची जबाबदारी आहे’ असे लिहिले होते. तपासनिसांनी ‘अद्ययावत ठेवणे’ खोडून ‘सुधारित करणे’ असे केले. त्यामुळे आधीचा आराखडा सदोष होता असे ध्वनित होते, असे मला वाटते. जाणकारांचे मत काय?

सातबारा : तपासनिसांचे बरोबर आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार, विकास योजनेचे (म्हणजे आराखड्याचेच) मूळ स्वरूप न बदलता एखाद्या भूखंडाचा वापर बदलला, तर तो कलम 37 खालचा ‘फेरबदल’. आणि योजना अमलात आल्यापासून वीस वर्षांतून किमान एकदा ती सबंध नव्याने तपासली जाते, ती कलम 38 खालची सुधारणा. म्हणूनच अधिसूचनांत ‘विकास योजना (दुसरी सुधारित)’ असे शीर्षक आढळते. ‘अद्ययावत’ म्हणजे आजपर्यंतचे. हे विशेषण विद्यमान जमीन वापर नकाशाला शोभते, कारण तो सर्वेक्षणाच्या वेळची स्थिती दाखवतो. योजना पुढच्या वीस वर्षांची असते, तिला ते कसे लावणार?

काना-मात्रा : मुळात ‘फेरबदल’ तरी कशाला? त्यातला ‘बदल’ अरबी, योजना हाती घेताना जाहीर होतो तो ‘इरादा’ अरबी, नंतर मागवतात त्या ‘हरकती’ही अरबीच. सावरकरांचा ‘महापौर’ रुळला, मग ‘आक्षेप’ का रुळू नये?

शिवार : संस्कृतचा हा आग्रह कुठे नेतो, ते आमच्या घरी पाहिले आहे. आमच्या जमिनीवर क्रीडांगणाचे आरक्षण होते. दहा वर्षांत संपादन झाले नाही, म्हणून आम्ही कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘आता तरी जमीन घ्या’ अशी नोटीस, दिली आणि तिचीही मुदत उलटली. पुढे ‘आरक्षण व्यपगत झाले’ असे पत्र आले, तेव्हा आरक्षण आता कायमचे पक्के झाले असे समजून वडील दोन दिवस जेवले नाहीत. ‘आरक्षण उठले’ एवढे लिहिले असते तर कोणाचे काय बिघडले असते?

काना-मात्रा : आरक्षण आदेशाने उठवतात; मुदत संपून आपोआप गळते ते व्यपगत. हा भेद तुम्हाला पुसायचा आहे काय?

उंबरठा : माझा प्रश्न मागे पडला. मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा रद्द होऊन पुन्हा तयार झाला, त्यालाही वृत्तपत्रे ‘सुधारित’च म्हणत होती. ती सुधारणा कलम 38 ची, की चुका दुरुस्त करण्याची?

सातबारा : दोन्ही, आणि घोळ तिथेच आहे. 2014 ते 2034 या काळासाठीची ती योजना 1 सप्टेंबर 2018 रोजी अमलात आली. तोवर जुनीच योजना लागू होती. त्या चार वर्षांत ‘चालू आराखडा’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याने नेमका कोणता समजायचा?

शिवार : जो खिडकीवरचा कारकून पुढे सरकवील तो.

काना-मात्रा : ‘कारकून’ फारसी आहे.