मदत हवी आहे: सिमेंटची नक्षीदार कुंडी तिसऱ्यांदा फसली

मंडळी, मी इंदूरची. घरावर मोकळी गच्ची आहे आणि तिच्यावर माझ्या तीन फसलेल्या कुंड्या ओळीने मांडलेल्या आहेत. सासूबाई त्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात. चौथी करायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारून घ्यावं म्हटलं.

प्लास्टिकच्या कुंड्या आमच्या गच्चीवरच्या उन्हात दोन वर्षांत पापडासारख्या मोडतात. गच्ची दुरुस्त केली तेव्हाचं अर्धं पोतं सिमेंट पडून होतं, नर्मदेची वाळूही होती. म्हटलं, घरीच करू.

पहिलीला बाहेरचा साचा म्हणजे १० लिटरची जुनी बादली आणि आतला म्हणजे स्टीलचा डबा. बादलीला आतून रबराचं पायपुसणं गोल लावलं, उठावदार पानांची नक्षी असलेलं. सिमेंट जास्त तितकी कुंडी मजबूत, असा माझा हिशोब. त्यामुळे वाटीला वाटी वाळू घेतली आणि भज्यांच्या पिठाइतकं सैल कालवलं. दुसऱ्या दिवशी बादली निघाली. पायपुसणं संत्र्याच्या सालीसारखं सोललं गेलं आणि खाली पानं अगदी शिरांसकट उमटलेली! मी खाली हाका मारून सगळ्यांना वर बोलावलं. मग डबा काढायला घेतला. तो हलेना. गरम पाणी ओतलं, बुडाला ठोकलं, शेवटी मुलाने कडेला पेचकस घातला. टक्क असा बारीकसा आवाज झाला आणि काठापासून बुडापर्यंत उभी चीर गेली.

दुसरीला आत प्लास्टिकची कुंडी ठेवली, तेल लावून. सिमेंट एक, वाळू दोन. पाणी मात्र अंदाजानेच. कालवलेलं ओतलं, जेवायला खाली गेले, परत येऊन बघते तर आतली कुंडी होडीसारखी वर तरंगून आलेली. बूड तीन इंच जाड झालं आणि भोकासाठी ठेवलेला पाइपचा तुकडा त्यात गडप. हल्ली गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिला टेकवून ठेवतो.

तिसरीत आतल्या कुंडीवर दोन विटा ठेवल्या. साचे दोन्ही सुटले, भोक नीट पडलं. तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवली आणि पाचव्या दिवशी मोगरा लावला. पंधरा दिवसांत नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. बाहेरून पांढरी भुकटी फुटली. काठावर नख घासलं तर वाळू सुटते. आणि पानांच्या नक्षीत टाचणीने टोचल्यासारखी असंख्य भोकं.

शेजारी काम करणाऱ्या मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तराई कितने दिन की?" मी म्हटलं, तराई, म्हणजे पाणी मारून ओली ठेवणं, केलीच नाही, वाळवली. तो हसला आणि विडी पेटवून निघून गेला. तेव्हा कृपा करून तुम्ही तरी सांगा, नेमकं कुठे चुकतंय? रंग-बिंग नंतर, आधी कुंडी उभी राहू दे.

बडोदेकर:
ताई, मिस्त्री बरोबर हसला. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. तुम्ही तीन दिवसांत पाणी उडवून लावलंत, तिथेच ते काम थांबलं. काठ सर्वांत पातळ, म्हणून तो आधी सुकला आणि भुसभुशीत राहिला. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस ओल हवी, कोरड्या उन्हाळ्यात १०. तुमच्या गोणीवर पीपीसी लिहिलं असेल तर त्यात राख असते, ते सावकाश ताकद धरतं. मग १४ दिवस धरा. सावलीत, ओलं पोतं गुंडाळून वरून प्लास्टिक.

पहिल्या चिरेचं कारण वेगळं. सिमेंट घट्ट होताना थोडं आकसतं. बाहेरच्या बादलीपासून ते सुटतं, पण आतल्या डब्याला मिठी मारतं. डबा स्टीलचा आणि सरळसोट, म्हणजे तो दबणार नाही आणि वरही सरकणार नाही. मग चीर जायचीच. त्यात सिमेंट जास्त आणि पाणी जास्त, म्हणजे आकसणंही जास्त. आतला साचा खाली निमुळता आणि लवचिक हवा. कुंडी स्वतःच्या पायावर उभी राहण्याइतकी घट्ट झाली की तो आधी फिरवून काढायचा, बाहेरचा २४ तासांनी.

एक विचारतो, गोणी कधीची?

धागाकर्ती:
दिवाळीच्या आधीची. 🙈 आत थोड्या गाठी आहेत, त्या मी फोडून घेतल्या.

बडोदेकर:
गाठी फोडल्या म्हणून सिमेंट नवं होत नाही, ताई! त्या गाठी म्हणजे हवेतल्या दमटपणाने आधीच जमून गेलेलं सिमेंट. तीन महिन्यांहून जुनं असेल तर भरवसा ठेवू नका. गोणीवर कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं, ते बघून आणा. प्रमाण एकाला अडीच वाळू, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून कमी. २ किलोला ९०० मिली म्हणा. मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. इतकं घट्ट असलं की आतली कुंडी तरंगायची तक्रारही बरीच कमी होते. विटा राहू द्याच.

परसबागवाली:
मोगऱ्याबद्दल मी सांगते. आधी त्याला तिथून हलवा. नव्या सिमेंटमधून चुना पाझरतो, मातीचा क्षारधर्म (आंबटपणाच्या उलट गुण) वाढतो आणि जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही त्याचीच खूण. माळव्याची काळी माती मुळात क्षाराकडे झुकणारी, म्हणजे आगीत तेल. बाहेरची पांढरी भुकटी म्हणजेही तोच पाझरलेला चुना. पुढची कुंडी पक्की झाली की भोकाला बूच मारून पाण्याने भरा, दर दोन दिवसांनी पाणी बदला, दहा-बारा दिवस. भुकटी पाणी घातलेल्या व्हिनेगरने घासून लगेच धुवा. तरी पहिलं झाड मोगरा किंवा जास्वंद नको. कोरफड लावून बघा.

हौशी साचेवाला:
टाचणीची भोकं म्हणजे अडकलेली हवा. भरण्याआधी सिमेंटची पातळ पेस्ट नक्षीवर ब्रशने खोबणीखोबणीत लावायची आणि ती ओली असतानाच मागून घट्ट मसाला, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, दाबायचा. दर मुठीनंतर बादलीला बाहेरून लाटण्याने ठोका. पायपुसण्याला तेल अगदी पुसट. थेंब साचला की तिथलं पान बोथट उमटतं. आणि हातमोजे घाला हो, ओलं सिमेंट कातडी सोलतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. हातमोज्यांचा सल्ला दोन कुंड्या उशिरा मिळाला, बोटांची टोकं अजून चुरचुरतायत.

वाळूही तपासली. बाटलीत वाळू-पाणी हलवून रात्रभर ठेवलं तर वर बोटभर गाळ बसला! म्हणजे तीही धुवायला हवी होती. इथल्या सियागंज बाजारातून, गोणी भरलेल्या आठवड्याचा छाप बघून, नवं सिमेंट आणलं. दुकानदार म्हणाला, कुंडीसाठी एवढी चौकशी कोणी करत नाही. काल चौथी भरली. आतली प्लास्टिकची कुंडी रात्री नऊला फिरवली, कुरकुरली आणि सुटली. आज बाहेरचा साचा काढला. पानं स्वच्छ आली आहेत, फक्त एका जागी शीर तुटली आहे, तिथे तेल जास्त झालं असणार. सध्या कुंडी जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. सासूबाई येता-जाता तिच्यावर तांब्याभर पाणी ओततात.

चौदा दिवस झाले की फोटो टाकते. मोगरा आता जुन्या मातीच्या कुंडीत आहे, पण पिवळेपणा गेलेला नाही. परसबागवाली ताई, त्याला वरून काही द्यायचं का?