शब्दचर्चा: ‘अपकाराची फेड उपकाराने’

प्रश्न

ख्रिस्ती आणि ताओ विचारांतल्या नीतीत कुठे मेळ बसतो, यावर एक टिपण लिहिते आहे. लाओ-त्झूच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ६३व्या प्रकरणातलं वैराबद्दलचं वचन आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनातलं (मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय ५) ‘वैऱ्यांवर प्रीती करा’, या दोन्हींसाठी मी ‘अपकाराची फेड उपकाराने’ असं एकच मराठी वाक्य लिहून ठेवलंय. वाचताना ‘उपकार’ खटकतो. दुसरा शब्द सुचवाल का? आणि ‘फेड’ दोन्हीकडे चालेल?

प्रतिसाद

‘उपकार’ काढाच. मराठीत उपकार म्हटला की तो घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. माणूस उपकाराखाली दबतो, मिंधा होतो. शत्रूला मिंधा करावं असं या दोन्ही शिकवणींत कुठेच नाही. चिनी वचनात ‘ते’ हा शब्द आहे, ग्रंथाच्या नावातलाच. सद्गुण, भलेपण आणि त्यातून येणारं सामर्थ्य असा त्याचा पसारा. मी ‘भलेपणाने’ लिहीन.

‘फेड’ मात्र तिथे चपखल आहे. मूळ क्रियापद ‘बाओ’ उपकाराच्या परतफेडीलाही चालतं आणि सूड घेण्यालाही. आपलं ‘फेडणे’ तसंच: ऋण फेडतात, पांग फेडतात आणि उट्टंही फेडतात.

प्रतिसाद

एक भर. हे वचन चीनमध्येही सर्वांनी मुकाट मानलेलं नाही. ‘लुन यू’ या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या १४व्या भागात कुणीतरी कन्फ्यूशियसला नेमकं हेच विचारतो: अपकार करणाऱ्याला भलेपणाने फेडावं का? तो उलट विचारतो, मग भलेपणाची फेड कशाने करणार? अपकाराला सरळ न्यायाने उत्तर द्यावं, भलेपणाला भलेपणाने. हा आक्षेप वजनदार आहे. येशूसमोरही ‘डोळ्याबद्दल डोळा’ हा नियम होता आणि तोसुद्धा सूड बेफाम होऊ नये म्हणून घातलेली मर्यादाच होती. म्हणजे लाओ-त्झू आणि येशू दोघांनाही न्यायाच्या पुढे जायचं होतं.

प्रश्नकर्ती

‘भलेपणाने’ पटलं. पण मग मत्तयातही ‘फेड’ ठेवू?

प्रतिसाद

तिथे ठेवू नका. मत्तय ५:४४ मध्ये देण्याघेण्याचा हिशेबच नाही, सरळ आज्ञा आहे: प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. कारण लगेच पुढच्या वचनात येतं. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. याच्या शेजारी ६३पेक्षा ४९वं प्रकरण ठेवा: जे चांगले त्यांच्याशी मी चांगला, जे चांगले नाहीत त्यांच्याशीही चांगला. समोरच्याची लायकी बघून भलेपण ठरत नाही, हे दोन्हीकडे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या जोडीत मला दिसलेलं नाही. ‘फेड’ हवीच असेल तर ती येशूचा प्रेषित पौल याच्याकडे आहे. रोमकरांस पत्र १२:१७ मध्ये वाइटाबद्दल वाईट परत देऊ नका असं तो सांगतो आणि तिथलं ग्रीक क्रियापद परत देण्याचंच आहे.

पण तुमच्या टिपणाला खरा आधार ७९व्या प्रकरणात मिळेल. त्याची सुरुवातच अशी की मोठं वैर मिटवलं तरी थोडं वैर मागे उरतंच. मग येतो कर्जाचा दाखला. त्या काळी करार लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्टीवर करून ती मधोमध फाडत, अर्धी धनकोकडे, अर्धी ऋणकोकडे. सत्पुरुषाच्या हाती धनकोची पट्टी असते, पण तो कुणाकडे तगादा लावत नाही.

आता प्रभूची प्रार्थना आठवा: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयाच्या ग्रीक पाठात खरोखर ‘ऋणे’च आहेत, लूक ११:४ मध्ये त्या जागी ‘पापे’ येतात. येशूच्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालत असे. म्हणून इथे क्रियापद ‘सोडणे’. मराठी चर्चमध्ये म्हटली जाणारी ही ओळ मला फार नेमकी वाटते, ती ‘क्षमा कर’ अशी गुळगुळीत करू नये.

प्रतिसाद

वरच्या जोडीबद्दल थोडं सावध राहा. लाओ-त्झूचा सत्पुरुष फक्त धनको आहे. त्याचं येणं आहे आणि तो ते मागत नाही. प्रार्थना म्हणणारा मात्र आधी स्वतः ऋणको आहे. मत्तय १८ मधल्या दाखल्यात ज्याला दहा हजार तालांतांचं, म्हणजे अफाट कर्ज माफ होतं, तोच बाहेर पडून त्यामानाने किरकोळ अशा शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. स्वतःला मिळालेल्या सुटीतून दुसऱ्याला सोडण्याची जबाबदारी यावी, हा धागा ७९व्या प्रकरणात नाही. तिथे भलेपण स्वभावातून येतं, पाण्यासारखं उताराकडे जातं.

प्रश्नकर्ती

मग ६३ला ‘अपकाराची फेड भलेपणाने’, मत्तय ५ला फेडीशिवाय, आणि ७९ व प्रार्थना ‘ऋण सोडणे’ या वेगळ्या मथळ्याखाली. धनको-ऋणकोचा फरक तिथेच नोंदवते. ‘तगादा न लावणे’ मजकुरात तसंच घेतेय.