दोन नाणी स्वतंत्र असताना उत्तर १/३ कसे?

प्रश्न
एक रुपयाचे आणि दोन रुपयांचे अशी दोन नाणी उडवली आणि ‘किमान एकावर छापा आहे’ एवढेच सांगितले, तर दोन्हींवर छापा असण्याची संभाव्यता गाईडमध्ये १/३ दिली आहे. नाण्यांचा एकमेकांवर काहीच परिणाम होत नाही, मग उरलेल्या नाण्यावर छापा असण्याची संभाव्यता १/२ च असायला हवी ना? माझ्या युक्तिवादात खोट कुठे आहे?

प्रतिसाद १
छापा कोणत्या नाण्यावर आहे हे सांगितलेलेच नाही. मग ‘उरलेले’ नाणे कोणते? रुपयाचे नाणे आधी धरून नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची यादी, लिहा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. अटीमुळे शेवटची शक्यता बाद होते आणि उरलेल्या तीन समसंभाव्य शक्यतांपैकी एकच अनुकूल ठरते. सूत्रानेही, म्हणजे दोन्हींवर छापा असण्याच्या संभाव्यतेला किमान एकावर छापा असण्याच्या संभाव्यतेने भागून, (१/४) ÷ (३/४) = १/३ हेच येते. ‘रुपयाच्या नाण्यावर छापा आहे’ असे सांगितले असते, तर मात्र तुमचे १/२ बरोबर होते.

प्रतिसाद २
नाणी हुबेहूब सारखी असतील, तर मधल्या दोन शक्यता एकच धरायला नकोत का?

प्रतिसाद ३
नकोत. आपल्याला फरक ओळखता आला नाही, म्हणून ‘एक छापा, एक काटा’ पडण्याची संभाव्यता १/२ वरून खाली येत नाही. शक्यता समसंभाव्य आहेत की नाहीत हे न तपासता मोजण्याची चूक द’अलंबेर यांच्यासारख्या गणितज्ञाकडूनही झाली आहे. दोन फेकींत किमान एक छापा पडण्याची संभाव्यता ३/४ असताना, पहिल्याच फेकीत छापा पडला की खेळ संपतो म्हणून छापा, काटा-छापा, काटा-काटा अशा तीनच शक्यता समसंभाव्य धरून त्यांनी १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात २/३ हे उत्तर मांडले.

मूळ प्रश्नाबाबत आणखी एक. अट कळल्यावर प्रत्येक नाण्यावर छापा असण्याची संभाव्यता २/३ होते. नाणी स्वतंत्र असती, तर दोन्हींवर छापा असण्याची संभाव्यता त्यांच्या गुणाकाराइतकी असती; पण तो ४/९ येतो, १/३ नव्हे. म्हणजे उडवताना स्वतंत्र असलेली नाणी या अटीखाली स्वतंत्र राहत नाहीत.

प्रतिसाद ४
माहिती कशी मिळाली, तेही पाहावे लागते. मित्राने दोनांपैकी कोणतेही एक नाणे यदृच्छया उघडे केले आणि त्यावर छापा दिसला, तर उत्तर १/२ येते. कारण दोन्हींवर छापा असेल तेव्हा छापा हमखास दिसतो, एकावरच असेल तेव्हा मात्र निम्म्या वेळाच दिसतो. गाईडमधले १/३ हे उत्तर दोन्ही नाणी पाहून, किमान एक छापा आहे की नाही एवढेच सांगितले असे गृहीत धरून काढलेले आहे.