नदीकाठ 'व्हल्नरेबल' आहे, हे मराठीत कसं लिहाल?

शब्दवेल्हाळ: माजुलीवरचा लेख मराठीत आणतेय. आसाममधलं हे बेट, २०१६ पासून जिल्हाही. १९५० च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळानं वर आलं आणि ती काठ तोडत सुटली. लेखात 'व्हल्नरेबिलिटी', म्हणजे सहज इजा पोचेल अशी अवस्था, अकरा वेळा! 'असुरक्षितता' लिहिलं तर संपादक म्हणतात, नोकरीतली वाटते. 'भेद्यता' किल्ल्याची वाटते. माणसं, जमीन, पक्षी सगळ्यांना चालेलसा शब्द सुचवा.

जोशीबुवा: प्रवणता! पूरप्रवण, अवर्षणप्रवण रुळलेत. संस्कृतात प्रवण म्हणजे मुळात उतरता, कललेला. काठाला आणखी काय हवं?

थडीकर: बुवा, काठ तुटला की चिरेबंदी वाडा आणि कुडाचं घर सारखंच बुडतं का? वाडेवाल्याचं तालुक्याला दुसरं घर असतं. 'प्रवण'मध्ये हे कुठं येतं? आमच्याकडं कृष्णाकाठी 'रान नदीत गेलं' म्हणतात, बास.

तलाठ्याची_लेक: पंचनाम्यात 'जमीन खरडून गेली' लिहितात. पण खरडणं म्हणजे वरची माती गेली, मुरूम उघडा पडला, जमिनीचा गट (नोंदलेला तुकडा) जागेवर. काठ तुटला तर गटच जातो, सातबाऱ्यावर क्षेत्र मात्र तेवढंच! बाबांना एका आजोबांनी भर पात्रात बोट दाखवून सांगितलेलं, "तितं माजी हीर हुती."

हावडाकर: बंगालात अशा गेलेल्या जमिनीला 'शिकस्ती' आणि गाळानं नव्यानं आलेलीला 'पयस्ती' म्हणतात. शिकस्त म्हणजे मोडणं. आपली 'प्रयत्नांची शिकस्त' तीच.

जोशीबुवा: आता फारसीच राहिली होती! नव्या जमिनीला आपल्याकडं 'मळई' आहे की, महसूल संहितेतसुद्धा. आणि तुटत्या काठाला 'दरड'. ती नदीचीसुद्धा, नुसती घाटातली नव्हे.

हावडाकर: 'जमीन' तरी कुठली हो, बुवा?

थडीकर: दरड आम्ही अजून म्हणतो. पूर चढताना नाही पडत, उतरताना पडते. काठ पाणी पिऊन जड झालेला, त्यात नदीचा टेकू निघतो. रात्री 'धप्प' झालं की आजी अंथरुणातूनच मोजायची, "आज तिसरी."

रानभूल: पण दरड वाईटच असं नाही हं. खंड्या, वेडा राघू हे पक्षी अशा उभ्या कापलेल्या मातीतच बिळं करतात. काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) केलं की माणसं वाचतात, यांची घरं जातात. मग व्हल्नरेबल कोण?

शब्दवेल्हाळ: छान! पण माझ्या अकरा जागा अजून रिकाम्याच आहेत. उद्या द्यायचंय.

जोशीबुवा: प्रवणता म्हटलं ना.

थडीकर: नको! अकरा ठिकाणी अकरा शब्द घाला. कुठं 'हातावर पोट', कुठं 'काठावरचं घर'.

जोशीबुवा: हा अनुवाद की कीर्तन?

तलाठ्याची_लेक: रानभूल, खंड्या आणि धीवर एकच का हो?

रानभूल: धीवर म्हणजे कोणता ते आधी सांगा. आमच्याकडं तीन आहेत.